बांबूची काडी, चुन्याची फक्की आणि गोल्फचा स्विंग

पोरी, सौंसरला गोल्फचं मैदान नाही, पांढुर्ण्यालाही नाही. 2023 साली छिंदवाड्यापासून वेगळा झालेला आपला हा दोन तहसिलींचा जिल्हा. इथे संत्रं आहे, कापूस आहे, बोरगावचे कारखाने आहेत, जामसावळीचा मारुती आहे. पण अठरा होलचं हिरवं मैदान नाही आणि तुझा स्विंग पाहून ‘डावं मनगट वाकलं’ असं सांगणारा शिक्षकही नाही. सुट्टीत तू बॅग घेऊन आलीस की तुझ्या पायाशी जे साधन ठेवलेलं असेल तेच तुझा शिक्षक. म्हणून ही साधनं कशी वापरायची ते एकदा नीट सांगून ठेवतो. फौजेत असताना हा खेळ शिकलो, आणि त्यातलं जे आजवर उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

साधनाचं काम एकच. चूक झाली की त्याच क्षणी तुला ती कळली पाहिजे. जे साधन चूक होऊच देत नाही, हात धरून क्लब बरोबर जागी नेतं, ते वापरताना फार बरं वाटतं आणि ते काढलं की काहीच उरत नाही. आपल्या मातीतलं उदाहरण घे. मल्लखांब हे मुळात पैलवानाचं साधन. पकड बळकट व्हावी, अंग लवचीक व्हावं, पेच अंगवळणी पडावेत म्हणून. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला घडवलं. पुढे त्याचा स्वतंत्र खेळच झाला, आणि 2013 मध्ये आपल्या मध्य प्रदेशाने त्याला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. मल्लखांबाचं हे भाग्य थोर. गोल्फच्या साधनांच्या बाबतीत मात्र हे होता कामा नये. सरावासाठी दुपट्टा बगलेत धरून मारलेला उत्तम फटका कोणत्याही स्कोअरकार्डावर लिहिला जात नाही. साधन कुस्तीसाठी आहे हे पैलवानाने विसरू नये, तसं स्विंगच्या साधनाचं तू विसरू नकोस.

आणि साधन निवडण्याआधी आपली चूक कोणती ते पक्कं ठरव. हे सांगायला चेंडूइतका खरा साक्षीदार नाही. चेंडू आणि क्लबची गाठ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढीच पडते, आणि सगळा निकाल तेवढ्यात लागतो. चेंडू ज्या दिशेने निघतो ती बहुतांशी क्लबच्या फेसची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूची, दिशा असते. पुढे हवेत तो डावीकडे किंवा उजवीकडे वळतो, तो फेस आणि क्लबची वाट यांच्यात अंतर पडल्यामुळे. जुन्या पुस्तकांत याच्या नेमकं उलट लिहिलेलं सापडेल. रडारने मोजायला लागल्यावर ते बदललं. तुझा चेंडू सरळ निघून उजवीकडे वळत असेल तर क्लब बाहेरून आत येतो आहे, आणि फेस त्या वाटेच्या मानाने उघडा आहे. हे समजलं की साधन आपोआप ठरतं. एका वेळी एक चूक आणि एक साधन. जाहिरात पाहून तीन-चार वस्तू मागवायच्या आणि सगळ्या एका सकाळी वापरून पाहायच्या, यात पैसा जातो आणि हाताचा गोंधळ होतो.

सुरुवात पकडीपासून कर. बेन होगन यांच्या 1957 च्या प्रसिद्ध पुस्तकातला पहिला धडाही पकडीचाच आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण क्लबला तुझं अंग फक्त तळव्यांतून आणि बोटांतून लागतं. बोटांचे साचे असलेली रबरी पकड बाजारात मिळते. विकत घ्यायच्या वस्तूंमध्ये ती मला सर्वांत उपयोगाची वाटते. जुन्या, मोडक्या क्लबला ती बसवून घे आणि टीव्ही पाहताना, आजीशी बोलताना हातात धरून बस. खेळायच्या क्लबवर ती चालत नाही; बोटांच्या आकाराचे साचे असलेली पकड नियमाने बाद आहे. म्हणून तिच्याशी झालेली ओळख रोज साध्या पकडीवर उतरवून पाहायची. डाव्या हाताकडे वरून पाहिलंस तर बोटांचे दोन सांधे दिसले पाहिजेत.

मग दिशा. मोठे खेळाडू सराव करताना जमिनीवर ज्या रंगीत काठ्या ठेवतात, त्यांच्या जागी आपल्याकडच्या बांबूच्या दोन सरळ काड्या अगदी पुरतात. एक काडी चेंडूच्या पलीकडे, लक्ष्याकडे तोंड करून. दुसरी पायांच्या बोटांना लागून, पहिलीला समांतर. इथे नव्या खेळाडूची गफलत होते. पायाजवळची काडीही तो लक्ष्याकडेच वळवतो, आणि मग शरीर उजवीकडे रोखलं जातं. रुळांच्या दोन पट्ट्या जशा कधी भेटत नाहीत तशा या दोन काड्याही भेटायला नकोत. खांदे पायांच्या ओळीत आहेत का ते पाहायला तिसरी काडी छातीशी आडवी धर. पाय सरळ आणि खांदे उघडे, ही चूक फार जणांची असते आणि ती आपली आपल्याला दिसत नाही.

बांबू जमिनीत उभा रोवून त्याच्या बाजूने स्विंग करायचे व्यायाम तू पाहिले असशील. ते बांबूने करू नकोस. क्लब लागला तर चिरफळी उडून डोळ्यात जाईल. आपल्या शेतात कापूस निघाल्यावर उरलेली पऱ्हाटी असते, तुराटी असते. ती रोव. लागली तर मोडेल, तुला काही होणार नाही, आणि मोडली म्हणजे चूक झाली हेही कळेल. चेंडू उजवीकडे वळण्याच्या खोडीसाठी आणखी सोपं साधन म्हणजे पुठ्ठ्याचा रिकामा खोका. चेंडूच्या बाहेरच्या बाजूला, चार बोटांवर ठेव. क्लब बाहेरून आला की खोका उडतो. शिक्षकाने वीस वेळा सांगून जे होत नाही ते या खोक्याने होतं, कारण शरीर खोका चुकवण्याची वाट स्वतः शोधतं.

आता फक्की. माझं सर्वांत आवडतं साधन हेच आहे. कबड्डीच्या मैदानाला मारतात ती चुन्याची फक्की घे आणि जमिनीवर हातभर लांबीची रेष मार, लक्ष्याच्या दिशेला आडवी. चेंडू ठेवूच नकोस. रेष दोन पायांच्या मधोमध येईल अशी उभी राहा आणि सात नंबरच्या आयर्नने स्विंग कर. मग खाली वाकून पाहा, क्लबने जमीन कुठे खरवडली. आयर्नचा खरवडा रेषेवर सुरू होऊन लक्ष्याच्या बाजूला गेला पाहिजे. रेषेच्या मागे माती उडाली तर चेंडूआधी जमीन लागते आहे, म्हणजे वजन उजव्या पायावरच राहिलं किंवा मनगटं लवकर सुटली. खरवडा कोणत्या दिशेला तोंड करतो तेही पाहा, क्लबची वाट तिथे लिहिलेली असते. मग रेषेवरून पुढे सरकत जा, एकेक स्विंग, एकेक खरवडा. दहा स्विंगांनंतर जमिनीवर जे दिसेल ते तुझ्या स्विंगचं खरं चित्र. रेष मारताना फक्की डोळ्यांत आणि श्वासात जाऊ देऊ नकोस, आणि नंतर हात धू.

पण जमीन पाहून. आपली काळी माती उन्हाळ्यात दगड होते, तिला भेगा पडतात. एप्रिल-मे महिन्यात तिच्यावर आयर्न मारलं तर सगळा धक्का मनगटात आणि कोपरात जातो. आषाढ-श्रावणात चिखल. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमारीची जत्रा होऊन गेली, पाऊस ओसरायला लागला की दिवाळीपर्यंत ही माती स्विंग शिकायला फार चांगली. क्लब तिच्यात शिरतो आणि ती ठसा जपते. प्लास्टिकच्या हिरव्या चटईला ठसाच उमटत नाही. चेंडूच्या मागे दोन बोटं क्लब पडला तरी चटईवरून तो घसरून चेंडूला लागतो, आवाजही चांगला येतो, आणि वाटतं फटका साधला. शहरातल्या सरावाच्या ठिकाणी चटईवरच मारावं लागतं, तेव्हा चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर एक दुमडलेला रुमाल ठेव. मागे पडणारा क्लब त्याला उचलेल.

जाळीत मारतानाही हीच अडचण. चेंडू दोन हातांवर थांबतो, त्याची वाट दिसत नाही. तिथे फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर दे. फटक्यानंतर चेंडूचा गोल डाग दिसेल. डाग टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळ, असेल तर तू चेंडूच्या फार जवळ उभी आहेस किंवा खाली येताना पुढे झुकते आहेस. टोकाकडे असेल तर हात आत ओढले जातात. सलग सहा डाग एकाच जागी आले की त्या दिवसाचं मोठं काम झालं. जाळी आपल्या संत्र्याच्या बाडीत लावायची तर घट्ट ताणू नकोस. ताणलेल्या जाळीवरून चेंडू उसळून परत अंगावर येतो.

दुपट्ट्याचं साधन तू शिकली आहेस, पण त्याची हद्द तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. दोन्ही बगलांत दुपट्टा धरून मारायचं, म्हणजे हात धडापासून सुटून एकटे पळत नाहीत, छाती वळते आणि हात तिच्याबरोबर जातात. फिजीचे विजय सिंग काखेत हातमोजा किंवा टॉवेल धरून तासन्‌तास सराव करत, आणि 2004 साली ते जगात पहिल्या क्रमांकावर पोचले. पण हे अर्ध्या स्विंगचं साधन आहे. हात कमरेपासून कमरेपर्यंत, फार तर छातीपर्यंत. ड्रायव्हरच्या पूर्ण स्विंगमध्ये उजवा दंड छातीपासून थोडा सुटतोच, सुटायलाच हवा. तिथेही दुपट्टा दाबून ठेवलास तर स्विंग आखडेल आणि पाठ दुखेल.

डोकं हलू नये यासाठीही लोक नाना उपाय करतात. जॅक निक्लॉस लहान असताना त्यांचे गुरू जॅक ग्राउट मदतनिसाला समोर उभं करून मुलाचे केस धरायला लावत. स्विंगमध्ये डोकं हललं की केस ओढले जायचे. ते तुला करायला सांगत नाही. भिंतीला उशी लावून तिला कपाळ टेकव, हात छातीवर बांध आणि नुसतं धड वळव. डोकं किंचित फिरलं तर फिरू दे. ते बाजूला सरकायला नको, एवढंच.

आता वजनाची साधनं. मुद्गल आपल्या तालमींचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्कराने तो इथून उचलला, ‘इंडियन क्लब’ म्हणून युरोप-अमेरिकेत नेला, आणि मुद्गल फिरवण्याची स्पर्धा 1904 आणि 1932 च्या ऑलिम्पिकमध्येही झाली. आज गोल्फच्या दुकानांत लवचीक दांड्याच्या टोकाला नारिंगी गोळा लावलेलं साधन मिळतं. त्यामागे विचार तोच आहे, की टोकाला वजन असलं की हातांची घाई चालत नाही. घाईने ओढलंस तर दांडा वाकतो आणि तोल जातो. वजन स्वतःच्या गतीने वर जाऊन तिथून सावकाश परतू दिलं की पाय आधी वळतात, मग कंबर, मग खांदे, शेवटी हात. हा क्रम बोलून शिकवता येत नाही, वजन तो शिकवतं. घरातला हलका मुद्गल घे, दोन्ही हातांनी धर आणि गोल्फच्या स्विंगसारखा सावकाश फिरव. उजवीकडे जितक्या वेळा, डावीकडेही तितक्याच. पाठीच्या दोन्ही बाजू सारख्या राहण्यासाठी हे फार गरजेचं आहे, आणि गोल्फ खेळणारे नेमकं हेच टाळतात.

वजन फिरवून झाल्यावर क्लब पिसासारखा हलका वाटतो आणि आपण जोरात मारू असा भास होतो. तो भासच. बेसबॉलच्या खेळाडूंवर झालेल्या चाचण्यांत असं दिसलं की जड कडं लावून बॅट फिरवल्यावर ती हलकी वाटते, पण वेग वाढत नाही, काही वेळा कमीच होतो. म्हणून वजन हे तालासाठी आणि ताकदीसाठी. वेग वाढवायचा असेल तर उलट हलकी वस्तू फिरव. क्लब उलटा धर, डोक्याकडून, आणि दांडा हवेत असा फिरव की सूं आवाज येईल. आवाज चेंडूच्या जागी किंवा तिच्या पुढे आला पाहिजे. उजव्या खांद्याजवळच आला तर जोर आधीच खर्च झाला.

तालाबद्दल एक मोजमाप लक्षात ठेव. जॉन नोव्होसेल या अमेरिकन माणसाने नामांकित खेळाडूंच्या चित्रफिती फ्रेम मोजत पाहिल्या. कोणी सावकाश खेळे, कोणी झपाट्याने. पण वर जायला लागणारा वेळ आणि वरून चेंडूपर्यंत यायला लागणारा वेळ यांचं प्रमाण सगळ्यांत साधारण तीनास एक निघालं. तू शाळेत लेझीम खेळली आहेस. मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणत वर जा आणि ‘चार’ला चेंडू. यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही.

मोबाईलचं चित्रण चांगलं साधन आहे, पण तो चुकीच्या जागी ठेवलास तर खोटं सांगतो. मागून चित्रण करताना फोन हातांच्या उंचीवर, हातांच्या ओळीत आणि लक्ष्याच्या रेषेला समांतर असावा. थोडा जरी आत-बाहेर सरकला तरी बरोबर वाट चुकीची दिसते. समोरून घेताना कमरेच्या उंचीवर, बरोबर मध्ये. फोन हातात धरायला कोणाला सांगू नकोस, विटांच्या थप्पीवर टेकव आणि जागेवर खूण कर, म्हणजे उद्याचं चित्र आजच्याशी ताडता येईल. आणि प्रत्येक फटक्यानंतर पाहत बसू नकोस.

असं काहून म्हणतो ते सांगतो, कारण सगळ्या साधनांची गोम इथेच आहे. रिचर्ड श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये शिकण्याच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. ज्यांना प्रत्येक प्रयत्नानंतर ‘इतकं चुकलं’ असं सांगितलं जाई, ते सरावात पुढे दिसत. पण सांगणं बंद करून काही दिवसांनी परीक्षा घेतली की ज्यांना अधूनमधून सांगितलं होतं तेच सरस ठरत. सतत सांगणारा जवळ असला की शरीर स्वतःकडे लक्ष देणं सोडतं. म्हणून माझा शिरस्ता असा: तीन फटके साधनासह, तीन साधनाशिवाय. साधनाशिवायच्या फटक्यानंतर आधी स्वतः बोलून दाखव, चेंडू कुठे लागला, क्लब कुठून आला. मग डाग पाहा, खरवडा पाहा. तुझं बोलणं आणि डाग जुळायला लागले की ते साधन पेटीत ठेव. हळूहळू साधनासह एक, साधनाशिवाय पाच. जे साधन महिनोन्‌महिने सुटत नाही, ते एक तर चुकीच्या दोषासाठी वापरलं जातं आहे किंवा तो दोष पकडीत आहे.

कधी कधी सगळंच बाजूला ठेव. स्पेनचे सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी गावच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच तीन नंबरच्या आयर्नने खेळत. उंच, बुटका, वळणारा, वाळूतून निघणारा, सगळे फटके त्यांनी एकाच क्लबमधून काढले. तूही एक दिवस फक्त सात नंबर घेऊन बाडीत जा.

बाडीत तुला शहरात नाही असं एक साधन आहे. आपली संत्र्याची झाडं सहा बाय सहा मीटरवर लावलेली आहेत. दोन ओळींमधली मोकळी पट्टी म्हणजे आखलेलं मैदानच. एक झाड सहा मीटर, दोन झाडं बारा, तीन झाडं अठरा. फळं तोडायचा रिकामा प्लास्टिकचा क्रेट तिसऱ्या झाडापाशी ठेव आणि चिप मारून चेंडू त्यात टाक. मग क्रेट दुसऱ्या झाडापाशी, मग चौथ्या. एकाच अंतरावर वीस मारण्यापेक्षा दर फटक्याला अंतर बदललेलं बरं. त्या वेळी हात चुकतो जास्त, पण शिकतोही जास्त. आंबिया बहार झाडावर असताना मात्र चेंडू गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही.

आणि पटिंग. पार 72 च्या मैदानात 36 फटके पटिंगसाठी धरलेले असतात, म्हणजे निम्मे. त्यासाठी हिरवळ नसली तरी घर आहे. सतरंजी सुरकुती न ठेवता अंथर. टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेव. खऱ्या होलचा व्यास 108 मिलिमीटर, पेल्याचं तोंड त्याहून लहान, म्हणजे मैदानातलं होल तुला मोठं दिसेल. चेंडूच्या दोन बाजूंना दोन खुणा ठेव, पटर जेमतेम जाईल एवढ्या अंतरावर. टायगर वुड्स टी रोवून हाच सराव करतो. खुणांना पटर लागला की टकटक ऐकू येतं, मान वर करायची गरज नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली अदिती अशोक एका फटक्याने पदकाला मुकली, चौथी आली. तिचा ड्राइव्ह बरोबरीच्या खेळाडूंपेक्षा कितीतरी आखूड होता, पटरच्या जोरावर ती तिथवर गेली. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुण्याचा उदयन माने पुरुषांत खेळला. तुझ्या वयाच्या मराठी पोरापोरींनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

आता स्पर्धेच्या दिवसाचं. 2010 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ऑरेगॉनच्या सेफवे क्लासिक स्पर्धेत जूली इंकस्टरला दहाव्या टीवर अर्धा तास थांबावं लागलं. अंग मोकळं ठेवायला तिने नऊ नंबरच्या आयर्नवर वजनाचं कडं चढवून थोडे स्विंग केले, आणि फेरी सुरू असताना साधन वापरलं म्हणून तिला स्पर्धेतून बाद करण्यात आलं. 2019 च्या नियमांनुसार पहिल्या वेळी दोन फटक्यांचा दंड होतो, पुन्हा केलं तर बाद. काडी बॅगेत असली तरी चालते, फेरी सुरू असताना सरावासाठी किंवा दिशा धरायला ती बाहेर काढायची नाही. पायांची ओळ पाहायला जमिनीवर क्लब ठेवणंही आता चालत नाही. म्हणून फेरीच्या आधी सरावाच्या जागी काडी ठेवून चार फटके मार, मग काडी उचल आणि चार फटके तिच्याशिवाय मार, आणि पहिल्या टीकडे जाण्याआधी बॅगेतले क्लब मोज. चौदाच्या वर एकही नको.